‘ढ देश’ : चौथीच्या वर्गातल्या आंतरराष्ट्रीय खेळांचं एक प्रकरण

वर्ग चौथीचा, मुलं बत्तीस, हाताशी तीन आठवडे आणि रोजची एक तासिका. विषय ‘आंतरराष्ट्रीय खेळ’. भूगोल, भाषा, गणित, चित्रकला आणि मैदानाचा तास हे सगळं एकाच विषयात ओवायचं ठरवून मी हा प्रकल्प घेतला. त्यातले बरेचसे उपक्रम फारसं साहित्य नसतानाही करता येतील असे आहेत. पण चौथ्या दिवशी माझ्या हातून झालेली एक चूक समोर आली आणि पुढचं सगळं शिकवणं त्या चुकीपाशी वळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात

चार-चार मुलांचे आठ गट केले आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येक गटाला एक देश दिला: अमेरिका, अंगोला, इंडोनेशिया, जपान, डॉमिनिका, मोनॅको, स्पेन, हंगेरी. मोठे आणि छोटे, ऐकलेले आणि कधीच न ऐकलेले देश मुद्दाम मिसळले होते. पहिले दोन दिवस नकाशात आपला देश शोधायचा आणि झेंडा काढून रंगवायचा. (डॉमिनिका घेणार असाल तर आधीच सांगून ठेवा की डॉमिनिका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन वेगळे देश आहेत. आमचा अर्धा तास त्यात गेला.)

झेंड्यांच्या तासाला पहिलं भांडण झालं. मोनॅकोच्या गटाने वर लाल, खाली पांढरा पट्टा काढला. इंडोनेशियाच्या गटानेही तेच काढलं. “बाई, यांनी आमचं बघून काढलं!” दोन्हीकडून एकदमच ओरडा. दोघांचंही बरोबर होतं. या दोन झेंड्यांमध्ये फरक आहे तो फक्त लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा. मग मी १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकची गोष्ट सांगितली. तिथे हैती आणि लिखटेनस्टाइन या दोन देशांच्या लक्षात आलं की आपला निळा-लाल झेंडा अगदी सारखा आहे. पुढच्याच वर्षी लिखटेनस्टाइनने आपल्या झेंड्यावर मुकुट घातला. वर्ग इतका कान देऊन ऐकत होता की मला वाटलं, प्रकल्प मार्गी लागला.

तिसऱ्या दिवशी स्पर्धा घेतल्या. उभ्याने लांब उडी, बादलीत चेंडू टाकणं, एका पायावर तोल सांभाळणं. फळ्याच्या उजव्या कडेला पदकतक्ता आखला: सुवर्णाला तीन गुण, रौप्याला दोन, कांस्याला एक. मुलं पेटून खेळली. शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला, आवाज कमी करा म्हणून. हंगेरीच्या गटात वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा होता. त्यांचे अकरा गुण झाले. डॉमिनिकाचा एक.

चौथा दिवस

मधल्या सुट्टीत डॉमिनिकाच्या गटातली एक मुलगी टेबलापाशी आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “बाई, मला दुसरा देश द्या ना. हा ढ देश आहे.”

मी विचारलं, असं कोण म्हणालं. “सगळेच म्हणतात.”

त्या गटातली दोन मुलं वयाने वर्गात सगळ्यात लहान होती. त्यांच्या उड्या तोकड्या पडल्या, यात नवल नव्हतं. पण तक्त्यावर त्यांचं नाव नव्हतं, देशाचं होतं. त्यामुळे मुलांचं हरणं देशाच्या खात्यात गेलं आणि देशाचा कमीपणा परत मुलांच्या अंगाला चिकटला. तीन दिवसांत माझा वर्ग डॉमिनिकाबद्दल एकच गोष्ट शिकला होता: हा देश हरतो. आणि ती गोष्ट खरीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गणिताची चौकटीची वही घेऊन वर्गात गेले. एक चौकट म्हणजे एक लाख माणसं. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३४ कोटी, म्हणजे ३४०० चौकटी. अमेरिकेचा गट पानामागून पान रंगवत सुटला, शेजारच्या गटांनीही हातभार लावला. डॉमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास. त्यांची एक चौकटही पुरती भरेना. मग मी सांगितलं की २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये डॉमिनिकाच्या थिआ लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची झेप घेऊन सुवर्णपदक जिंकलं, आणि ते त्या देशाचं आजवरचं पहिलंच ऑलिम्पिक पदक. ती अर्धवट रंगवलेली चौकट पाहायला सगळा वर्ग डॉमिनिकाच्या बाकाभोवती गोळा झाला. ती मुलगी पहिल्यांदाच ताठ बसली होती.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण तासाच्या शेवटी अंगोलाच्या गटाने विचारलं, “आमची किती?” अंगोलाने ऑलिम्पिकमध्ये आजवर एकही पदक जिंकलेलं नाही. मोनॅकोनेही नाही. म्हणजे मी ‘ढ’ची चिठ्ठी एका बाकावरून उचलून दोन बाकांवर नेऊन ठेवली होती. तक्ता लोकसंख्येने भागा नाहीतर आणखी कशाने, तो तक्ताच राहतो आणि त्याच्या तळाला कुणीतरी असतंच.

त्या संध्याकाळी मी ऑलिम्पिक सनद काढून वाचली. तिच्या सहाव्या नियमात लिहिलं आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. इतकी वर्षं खेळांवर तक्ते लावत आले आणि हे वाक्य मी कधी वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते वर्गात मोठ्याने वाचलं, माझं चुकलं हे सांगितलं आणि मुलांसमोरच पदकतक्ता पुसला. हंगेरीचा चपळ मुलगा उभा राहिला. “मग आमचे अकरा गुण?” मी म्हटलं, ते तुम्ही मिळवलेच आहेत, पण आता फळ्यावर राहणार नाहीत. तो बसला. त्याला ते पटलेलं नव्हतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

आपल्या अंगाने मोजणं

तक्ता गेल्यावर प्रश्न असा की आता मुलांना जगातल्या मोठ्या खेळाडूंशी जोडायचं कसं. विक्रम फळ्यावर लिहिले तर ते आकडेच राहतात. मग मोजपट्टी काढली.

१९६८ साली मेक्सिको सिटीत बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. ही उडी इतकी लांब पडली की तिथलं मोजण्याचं यंत्र तिथवर पोहोचेना, शेवटी साध्या टेपने मोजावी लागली. आम्ही वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात खडूने रेघ मारली आणि मी विचारलं, या उडीत तुमच्यातली किती मुलं एकामागे एक आडवी मावतील? बहुतेकांचा अंदाज तीन, फार तर चार. मग एक झोपला, त्याच्या पायाला डोकं लावून दुसरी, मग तिसरा. सातवा मुलगा झोपला तेव्हा कुठे त्याच्या नडग्या ८.९०च्या रेघेबाहेर गेल्या. कुणी काही बोललं नाही. एक जण उठून परत पहिल्या रेघेपाशी गेला आणि नुसता उभा राहून तिथून बघत राहिला.

बीमनने आधीचा विक्रम एकाच उडीत ५५ सेंटीमीटरने मागे टाकला होता. बीमनचा विक्रम मोडायला १९९१ साल उजाडलं. माइक पॉवेलने टोकियोत ८.९५ मीटर उडी मारली, म्हणजे फक्त पाच सेंटीमीटर जास्त. मी रेघेपुढे एक खोडरबर ठेवलं. तेवीस वर्षं आणि एक खोडरबर! त्या दिवशी दशांश अपूर्णांक वेगळे शिकवावे लागले नाहीत.

शंभर मीटरच्या विक्रमी धावेतले उसेन बोल्टचे ९.५८ सेकंद आणि ४१ पावलंही अशीच मोजली. मैदानावर शंभर मीटर धावताना आमच्या मुलांची पावलं ऐंशीच्या घरात गेली.

अंगोलाच्या गटाचं मी काही देणं लागत होते. २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये अंगोलाच्या जोझे सायोव्होने १००, २०० आणि ४०० मीटर अशा तिन्ही शर्यतींत सुवर्ण जिंकलं. सुरुंगाच्या स्फोटात त्याची दृष्टी गेलेली होती. हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, “मग त्याला रेघा कशा दिसतात?” उत्तर देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी गोलबॉल खेळायला घेतला.

गोलबॉल हा अंध खेळाडूंसाठीचा खेळ. एका बाजूला तीन खेळाडू, चेंडूत घुंगरं, आणि मैदानाच्या रेषांखाली दोरी घातलेली असते, म्हणजे हातापायांना रेष कळते. आम्ही जमिनीवर दोरा टाकून वर चिकटपट्टी लावली आणि चेंडू कडक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला. घरंगळताना पिशवी करकरते. तीन मुलं रुमाल बांधून एका टोकाला, तीन दुसऱ्या टोकाला, बाकीची भिंतीला टेकून. अट एकच: बघणाऱ्यांनी आवाज करायचा नाही. खऱ्या सामन्यातही खेळ चालू असताना प्रेक्षक गप्प बसतात.

आमच्या वर्गाला शांत बसवणं हे माझं वर्षभराचं काम. इथे मी एकदाही ‘शांत बसा’ म्हटलं नाही. पिशवीची करकर ऐकू आली नाही तर आपला गट हरेल, एवढं प्रत्येकाला कळत होतं. मध्येच एकाला शिंक आली तर त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून ती गिळली. गुडघ्यांवर बसलेली मुलं जमीन चाचपत दोरा शोधत होती आणि सापडला की हात तिथेच ठेवून बसत होती.

खेळ संपल्यावर एकीने विचारलं, “थोडं दिसणाऱ्यांनी पण पट्टी बांधायची?” हो, गोलबॉलमध्ये सगळ्यांनाच बांधावी लागते, अगदी काहीच न दिसणाऱ्यालाही. का, ते मी सांगितलं नाही. त्यावर तीन-चार मुलांनी आपापसांत बराच वेळ वाद घातला आणि शेवटी उत्तर त्यांनीच काढलं: सगळ्यांना सारखंच दिसायला हवं.

वर्णमालेचं संचलन

भाषेच्या तासाला उद्घाटनाचं संचलन केलं. ऑलिम्पिकमध्ये ग्रीस सगळ्यात पुढे, यजमान सगळ्यात शेवटी, मधले देश यजमानांच्या लिपीच्या क्रमाने येतात. २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानी वर्णमालेप्रमाणे आइसलँड लवकर आला, कारण जपानीत ते ‘आइसुरांदो’ आणि त्यांची वर्णमालाही अ-पासून सुरू होते. मग आपल्या आठ देशांचा क्रम लावा म्हटलं. तासभर पुरला. बाराखडी म्हणून बघितलं तर ‘अं’ शेवटी येतो, शब्दकोश उघडला तर ‘अंक’, ‘अंग’ सुरुवातीलाच. अंगोला आधी की अमेरिका? स्पेनच्या गटाने छायाचित्रात खेळाडूंच्या नावापुढे ‘ईएसपी’ पाहिलं होतं, कारण त्यांच्या भाषेत तो ‘एस्पान्या’. मग त्याला ‘ए’त घालायचं का?

ग्रीसच्या लगेच मागून निर्वासितांचा संघ येतो, हे सांगितलं तेव्हा वर्गातला आवाज उतरला. हा संघ पहिल्यांदा २०१६ साली रिओत उतरला, दहा खेळाडूंचा. त्यातली युस्रा मार्दिनी सीरियातून निघाली होती. समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं तेव्हा ती आणि तिची बहीण पाण्यात उतरून पोहत राहिल्या. “त्यांच्या चिठ्ठीत काय लिहायचं?” एका मुलाने विचारलं. देशांच्या चिठ्ठ्या मी घरी कापून केल्या होत्या, त्यात अशी चिठ्ठी करायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने कोरा कागद घेतला, त्यावर पाच कडी काढली आणि ती चिठ्ठी डब्यात टाकली.

आठातली सहा मतं

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मैदानावर खरं भांडण झालं. पकडापकडी चालू होती. एकाने ‘टॅम्प्लीज’ म्हटलं, दुसऱ्याने ते न मानता त्याला आउट केलं. चौकशी केल्यावर कळलं की वर्गात दोन टोळ्या आहेत. एकीच्या खेळात टॅम्प्लीज चालतं, दुसरीच्या खेळात नाही. दोघंही आपल्या जागी प्रामाणिक होते.

माझ्या टाचणवहीत फुटबॉलच्या जन्माची गोष्ट पुढच्या आठवड्यासाठी ठेवली होती. ती त्याच तासाला काढली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळा आपापल्या नियमांनी फुटबॉल खेळत. कुठे चेंडू हातात घेऊन पळता येई, कुठे नाही. १८६३ साली लंडनमध्ये काही क्लब एकत्र बसले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. सगळ्यात मोठा वाद दोन गोष्टींवर झाला: चेंडू हातात धरून पळणं आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणं. लाथ मारायला बंदी झाली म्हणून ब्लॅकहीथ नावाचा क्लब उठून गेला. तोच क्लब पुढे १८७१ साली रग्बीची संघटना स्थापन करणाऱ्यांत होता, आणि नडगीवरची लाथ त्यांनीही बंद केली. मुलं हसून लोळली. पण त्यांना मुद्दा बरोबर कळला होता: हे आमचंच भांडण आहे.

आज फुटबॉलचा नियम बदलायचा तर नियममंडळात आठ मतं असतात आणि त्यातली सहा लागतात. चार मतं फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, चार ब्रिटनमधल्या चार संघटनांची. “चौघांनाच का?” हे लगेच आलं. मी इतिहास सांगितला, तो मुलांना पुरेसा वाटला नाही. त्यांना फिफाच्या अधिवेशनाची रीत आवडली: २११ सदस्य संघटना आणि प्रत्येकीला एकच मत. आमचे गटही आठच होते. ठरलं की पकडापकडीचे नियम वर्गाची परिषद करणार. प्रत्येक देशाला एक मत, नियम व्हायला सहा मतं.

दोन तासिका लागल्या. ‘टॅम्प्लीज कधीही चालेल’ हा ठराव पाच-तीनने पडला. ‘अजिबात चालणार नाही’ हा तर चार-चारवर अडकला. मग जपानच्या गटाने दुरुस्ती आणली: बुटाची नाडी सुटली किंवा लागलं तरच. सात-एकने मंजूर. “आणि नाडी मुद्दाम सोडली तर?” यावर आणखी दहा मिनिटं गेली.

डॉमिनिकाच्या त्या मुलीने एकच ठराव मांडला. ज्याच्यावर लागोपाठ तीनदा राज्य येईल, त्याच्यावर चौथ्यांदा यायचं नाही. त्याने चिठ्ठी काढायची. तिच्यावर रोज किती वेळा राज्य येत असेल, हे मला त्या वाक्याने कळलं. हंगेरीने विरोध केला, हळू पळणाऱ्यांचे लाड कशाला म्हणून. ती म्हणाली, “सारखं राज्य असलं की खेळ नसतो, नुसतं पळणं असतं.” बरोबर सहा मतं पडली.

मूल्यमापन आणि जे राहिलं

शेवटी जोड्या जुळवा, झेंडे ओळखा असली चाचणी घेतली नाही. प्रत्येकाने एका खेळातला एक नियम निवडायचा आणि तो नसता तर काय झालं असतं ते लिहायचं, एवढंच विचारलं. बहुतेकांनी गोलबॉलची पट्टी निवडली. बऱ्याच वह्यांत एखादा देश चांगला किंवा वाईट असं काही आलं नाही. दोन वह्यांत आलं. स्त्रियांच्या खेळांचा भाग मी जेमतेम एका तासात उरकला, तो तसा उरकायचा नव्हता.

आणि चपळ मुलाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी २.३७ मीटरवर बरोबरीत आले. पुन्हा उडी मारून निकाल लावण्याऐवजी दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं. ही गोष्ट मी निकालाच्या आधीच थांबवून मुलांना विचारलं होतं, तुम्ही काय केलं असतं. वाटून घेऊ नये म्हणणारा तो एकटा नव्हता, पण सगळ्यात ठाम तोच होता. वाचताना तो अडखळतो, गणितात मागे असतो. पळताना मात्र त्याला कुणी गाठू शकत नाही. मी तक्ता पुसला तेव्हा तो पहिला असण्याची वर्गातली एकमेव जागा पुसली. हे मला उशिरा दिसलं.

म्हणून शेवटच्या दिवशी शर्यत ठेवली. देश नाहीत, ज्याचं त्याचं नाव. नियम परिषदेने आधीच मंजूर केलेले, जागतिक शर्यतींसारखे: इशाऱ्याआधी सुटला तर पहिल्याच वेळी बाद. २०११ साली देगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीत खुद्द बोल्ट असाच बाद झाला होता, हे मुलांना माहीत होतं. आमचा चपळ मुलगाही इशाऱ्याआधी सुटला. सगळ्यांनी पाहिलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि तो रेघेच्या पलीकडे गुडघ्यात डोकं घालून रडत बसला. नऊ वर्षांच्या मुलाला मी तो नियम लावायला हवा होता का, याचा मी अजून विचार करते आहे.

सोमवारी त्याने परिषद बोलवायला लावली. ठराव त्याचाच: चौथीपर्यंतच्या मुलांना एक चूक माफ. बाजूने पाच मतं पडली. सहावं मिळवायला तो आता रोज मधल्या सुट्टीत डॉमिनिकाच्या बाकापाशी जाऊन बसतो.